पेटीत बंद पडलेले सूर

हुबळीच्या दाजीबानपेठेत एका स्नेह्यांच्या घरी आम्ही गेलो असता त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवून आमच्यापुढे ठेवली. आत स्पूलच्या दहा-बारा ध्वनिफिती होत्या. त्यांच्या वडिलांनी घरच्या गाण्याच्या बैठका हौसेने ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. खोक्यांवर पेन्सिलीने लिहिलेली रागांची नावे वाचता येत होती. गायक कोण आणि साल कोणते, याचा मात्र पत्ता नव्हता. वाजविण्याचे यंत्र केव्हाच मोडीत निघाले होते. फितीवरून बोट फिरविताच तपकिरी भुकटी हाताला लागली. ‘आता टाकूनच द्यावे म्हणतो,’ असे ते खिन्नपणे म्हणाले. टाकू नका, अशी विनंती आम्ही त्यांना केली. तिचे कारण अहमदाबादेतील एका हकीकतीत आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर हे विजेवर सूर निर्माण करणारे यंत्र बसवून दिले. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने इस्रोची स्थापना झाली तेही हेच वर्ष. त्यांच्याच भगिनी, पखवाजवादक गीता साराभाई, या ध्वनिप्रयोगात अग्रभागी होत्या. १९४६ साली न्यूयॉर्क येथे जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ देणाऱ्या त्या ह्याच. त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत या यंत्रावर रचना केल्या. पुढे हा उद्योग थांबला आणि फिती कपाटात गेल्या. २०१७ साली लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांना त्या संस्थेच्या संग्रहात आढळल्या आणि २०२३ मध्ये ‘द स्टेट फिफ्टीवन कॉन्स्पिरसी’ या तेथील स्वतंत्र ध्वनिमुद्रिका संस्थेने त्यांतील निवडक रचनांचा संग्रह ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने प्रसिद्ध केला.

हे संगीत आमच्या कानांना सर्वत्र रुचले, असे आम्ही म्हणणार नाही. सवाई गंधर्वांच्या परंपरेत रमलेल्या श्रोत्याला त्यातील पुष्कळसे घरघर आणि शिट्ट्या वाटेल. परंतु मुद्दा आवडीनिवडीचा नाही. भारतात विजेवरच्या संगीताचा असा प्रयोग त्या काळी झाला होता, हे जगाला अर्धशतकाने कळले. आणि ते कळले ते केवळ कोणी त्या फिती फेकून दिल्या नाहीत म्हणून. ‘आमचा ठेवा परकीयांनी प्रसिद्ध केला’ असा गळा काढण्यात अर्थ नाही. संस्थेने फिती राखल्या, हे तिचे श्रेय. पन्नास वर्षे त्या ऐकण्याची उत्सुकता आपल्यापैकी कोणाला वाटली नाही, ही उणीव मात्र आपलीच.

ही उणीव ज्या भूमीत अधिक बोचावी ती हुबळी-धारवाडची. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी ही नावे याच परिसराची. त्यांची कंपन्यांनी काढलेली मुद्रणे सुरक्षित राहतील. पण घराघरांतील बैठकांत गवई कसा खुलत असे, हे सांगणाऱ्या फिती कोणाच्याही दप्तरात नोंदलेल्या नाहीत. तीच गोष्ट आमच्या किनाऱ्यावरील देवळांतील कीर्तनांची, भजनांची आणि जत्रेतील दशावताराची. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारे गाणे प्रथम घरोघरी मावले ते याच फितींत.

काळ मात्र थांबत नाही. चुंबकीय भुकटी ज्या लेपाने पट्टीला चिकटविलेली असते तो लेप काही फितींत हवेतील ओल शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रावर चढविली की भुकटी खरवडून निघते आणि तिच्यासोबत सूरही जातो. आमच्या किनाऱ्यावरचा चार महिन्यांचा पावसाळा अशा फितींचा वैरीच. म्हणून हौसेने जुने यंत्र मिळवून ती वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. जाणकाराकडून संगणकीय प्रत करून घ्यावी, मूळ फीत कोरड्या जागी ठेवावी. आणि ज्या वडीलधाऱ्यांना गायक व प्रसंग आठवत असेल त्यांच्याकडून आजच नोंद करून घ्यावी. नावाविना उरलेला सूर अर्धाच उरतो.

हे सर्व एकेका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि पणजीची कला अकादमी यांनी आपापल्या ठिकाणी चालू स्थितीतील एक स्पूलयंत्र आणि एक शिकलेला माणूस यांची सोय करावी, अल्प शुल्कात प्रत करून द्यावी आणि वारसांच्या संमतीने एक प्रत आपल्या संग्रही ठेवावी. खर्च एखाद्या महोत्सवाच्या मंडपाहून अधिक येऊ नये. सत्कार-समारंभांना पैसा मिळतो, मग ज्यांचे सत्कार करतो त्यांचा आवाज राखण्यास तो का मिळू नये?

दाजीबानपेठेतील ती पेटी सध्या माळ्यावरून उतरून कपाटात आली आहे. फितींत कोणाचा आवाज आहे, तो उत्तम आहे की सामान्य, हे आम्हांला ठाऊक नाही. ते ठरविण्याचा अधिकार पुढच्या पिढीचा आहे. तिच्यापर्यंत तो पोहोचविणे एवढेच आपले काम. आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी ते व्हावे.