यंत्रामागचे हात
2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. यंत्राशेजारी उभ्या परिचारिकेच्या वेतन-बढतीचा प्रश्न मात्र मागेच राहिला. डायलिसिसच्या सुमारे चार तासांत रक्तदाब कोसळणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके वेळीच ओळखते ती अनुभवी नजरच. अशा परिचारिकेला तुटपुंज्या कंत्राटावर राबवणे किंवा सरसकट बदलीत दुसऱ्या वॉर्डात धाडणे म्हणजे कमावलेले कौशल्य वाया घालवणे. एका विभागाला भत्ता दिला की बाकीचेही मागतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. म्हणूनच भत्ता विभागाला नव्हे, तर प्रमाणित प्रशिक्षणाला आणि अनुभवाला जोडावा. रुग्णशय्येजवळ राहूनही बढती मिळेल असे विशेषज्ञ पद निर्माण करावे. हा तिजोरीवरचा भार नव्हे, यंत्रांवरील खर्च सार्थकी लावण्याची ती किंमत आहे.