एकाच धातूचे दोन भाऊ

दिवाळी आली की वऱ्हाडात पहाटे गारवा पडू लागतो आणि आमच्या अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्यावर कानटोप्यांची गर्दी होते. पौषात ती निम्मी होते. संक्रांतीचा तिळगूळ संपल्यावर जे पाचपंचवीस उरतात, ते बाराही महिन्यांचे. बाकीच्यांचे बूट पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर.

आणि हे गाव कोणते? वैद्य बंधूंनी १९१४ साली जेथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले ते! १९३६ साली याच मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. पाहुण्यांना आम्ही हे मोठ्या अभिमानाने सांगतो. बहुधा खुर्चीत बसून.

मी मराठीचा मास्तर, तेव्हा थोडे व्याकरण सहन करावे. ‘व्यायाम’ आणि ‘नियम’ हे शब्द संस्कृतातल्या ‘यम्’ या एकाच धातूपासून झालेले. एकात ताणणे आहे, दुसऱ्यात आवरणे. आम्हाला यांतला थोरला तेवढा आवडतो, धाकटा नको असतो. वाग्भटाने मात्र ‘अष्टांगहृदया’त दोघांनाही शेजारी बसवले आहे. धट्ट्याकट्ट्या माणसानेही हिवाळ्यात व वसंतात अर्ध्याच शक्तीने व्यायाम करावा, एरवी त्याहूनही सौम्य, असे तो सांगतो. अकोल्याचा मे महिना ज्याने सोसला आहे त्याला हे समजावून द्यायला नको. उन्हाळ्याच्या ऋतुचर्येत तर वाग्भट व्यायाम टाळायलाच सांगतो.

त्याच अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. सुमारे १८ किलोमीटरांची वाट, तीही अनवाणी. भक्ती म्हणून तिला माझा नमस्कार. पण व्यायामाच्या खात्यात ती जमा धरता येत नाही. चाललेले स्नायू रक्तातली साखर अधिक सहज उचलतात खरे, परंतु ही सवलत दिवस-दोन दिवसांची. श्रावणातली चाल दिवाळीच्या करंजीला पुरत नाही.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांची पाहणी जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे असेही दिसले की, तरुण ड्रायव्हरांच्या विजारीसुद्धा कंडक्टरांच्यापेक्षा रुंद होत्या. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी त्या कंडक्टरांनी लंगोट कसून जोर काढले नव्हते, एवढे ध्यानात घ्यावे. आज जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे भराभर चालले तरी चालेल म्हणते. रोजची २२ मिनिटेसुद्धा होत नाहीत.

मनाचे मात्र मिनिटांत मोजता येत नाही. अकोल्याचे आमचे अण्णा, माझे चुलतभाऊ. वहिनी गेल्या आणि त्यांची झोप गेली. डॉक्टरांनी औषध दिले, वर चालायला सांगितले. अण्णा मला म्हणाले, “चालल्यानं तुही वहिनी वापस येते का बाप्पा?” यावर मी काय बोलणार! पण शेजारचे एक गृहस्थ रोज साडेपाचला फाटकाशी येऊन उभे राहू लागले, आणि निव्वळ भिडेपोटी अण्णा निघू लागले. दोघेही अबोल. तेच बरे झाले. सांत्वनाला येणाऱ्यांना उत्तरे द्यावी लागतात, रस्त्याला लागत नाहीत.

पहिल्यांदा भूक परतली. झोप पुष्कळ उशिरा, दोनेक महिन्यांनी. औषधे चालूच होती. “दुःख हाय तिथंच हाय,” अण्णा म्हणाले, “पण आता रातभर उशाशी बसत नाई.”

गेल्या महिन्यात शेजारी लेकीकडे नागपूरला गेले. आता अण्णांचे कसे, म्हणून मी काळजीने फोन केला, तर स्वारी एकटीच जाऊन आलेली. मला म्हणाले, “दिवाळीले येशील तं कॅनव्हासचे बूट घेऊन ये. आठ नंबर. हे तळाले फाटले.”