झाकणाखालचे यंत्र

पैसे मोजून घरी आणलेली वस्तू आपली झाली, असे लोक समजतात. यंत्रांचा नाद असलेला हौशी मनुष्य मात्र एवढ्यावर समाधान मानीत नाही. तो प्रथम तिचे झाकण उघडू पाहतो. ते उघडले तर वस्तू आपली. न उघडले तर ती परक्याचीच, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब हट्टीपणाचा वाटला, तरी त्यात पुष्कळ तथ्य आहे.

जुन्या रेडिओच्या पाठीमागील पुठ्ठा काढला, की आत पुष्कळदा जोडणीची आकृती चिकटवलेली आढळे. गावातला कारागीर ती पाहून तुटलेल्या तारेला डाख देई आणि रेडिओ पुन्हा गाऊ लागे. आजचा मोबाइल बहुधा चिकटवून बंद केलेला असतो. बॅटरी क्षीण झाली, एवढ्याच कारणाने चांगला फोन अडगळीत जातो.

आज्ञावलींचेही असेच आहे. आज्ञावलीची रूपे दोन : एक माणसाने लिहिलेले, वाचता येण्याजोगे, दुसरे त्यापासून केवळ यंत्रासाठी सिद्ध केलेले. विक्रेते बहुधा दुसरेच हाती ठेवतात. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. म्हणून त्या यंत्राच्या आज्ञावलीत अशी सुधारणा केलेली होती, की कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना सूचना मिळावी. १९८०च्या सुमारास नवे यंत्र आले. तेही अडके, परंतु त्याची मूळ आज्ञावली कोणी देईना. ज्याच्यापाशी ती होती, त्याने ती कोणास न देण्याचा करार केलेला होता. गोष्ट क्षुल्लक खरी. पण शेजाऱ्यास मदत न करण्याचे वचन लिहून द्यावे, हे स्टॉलमनला अन्यायाचे वाटले. १९८३ साली त्याने ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा रचून जगापुढे ठेवला. आज असंख्य अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतात. बाहेरून चिकटवलेल्या फोनच्या पोटात ही उघडी वस्तू असावी, हा मोठा गमतीचाच प्रकार म्हणावयाचा!

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. मुक्त आज्ञावली विकताही येते. मात्र ती वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मुभा घेणाऱ्याला असली पाहिजे.

उघडेपणा म्हणजे निर्दोषपणा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. ज्या आज्ञावलीवर असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता अवलंबून होती, तिच्यात तो सुमारे दोन वर्षे होता. ती आज्ञावली कोणासही वाचता येत होती; पण लक्षपूर्वक वाचणारे फार थोडे होते. दार सताड उघडे असून उपयोग काय, आत डोकावणारा पाहिजे ना!

सर्वांनीच आज्ञावली वाचावयास शिकावे, असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. सायकल चालविणारे पुष्कळ, ती दुरुस्त करणारे थोडे. तरी नाक्यावरचा मिस्त्री ती उघडू शकतो, म्हणून चालविणाऱ्याचे अडत नाही. मिस्त्रीला मनाई झाली, तर पंक्चर झालेल्या प्रत्येकाला नवी सायकल घ्यावी लागेल. युरोपीय संघाने २०२४ मध्ये, हमीची मुदत संपल्यावरही मोबाइल, धुलाईयंत्र यांसारख्या वस्तू दुरुस्त करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घालणारा निर्देश संमत केला. त्यात दुरुस्तीची किंमत वाजवी असावी, असेही म्हटले आहे. कारण दुरुस्ती नव्या वस्तूइतकीच महाग पडली, तर झाकण उघडे असो वा बंद, गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच.