शेतातली माती, नदीतली वाळू



दोन-तीन दमदार पाऊस झाले की हिंगणघाटच्या पुलाखालची वणा नदी दुधाच्या चहासारखी दिसू लागते. पूर बघायला पुलावर गर्दी होते. पण हा गढूळपणा कुठून आला आणि शेवटी कुठे जाऊन बसतो, हे फारसे कोणी विचारत नाही. नववीच्या भूगोलात पुळण, वाळूचा दांडा, खाजण हे शब्द आले की मुले हमखास म्हणतात, "समुद्र कुठे आणि आपण कुठे!" या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते त्या पुलाखालूनच वाहते.

वणेचा पुढचा रस्ता पाहा. वणा वर्धा नदीला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. पुढे राजमहेंद्रीखाली धवळेश्वरम येथे गोदावरीला गौतमी आणि वसिष्ठा असे मोठे फाटे फुटतात आणि ती बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आमच्या कपाशीच्या शेतातून धुपलेल्या मातीचा मुक्काम आंध्रच्या किनाऱ्यावर असतो.

वाहत्या पाण्याचा नियम सोपा आहे. वेग असला की ते ओझे उचलते, वेग मंदावला की खाली ठेवते. आधी गोटे, मग वाळू आणि सर्वांत शेवटी बारीक चिखल. समुद्राशी गाठ पडली की नदीचा वेग संपतो. खाऱ्या पाण्यात चिखलाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. हजारो वर्षे थरावर थर चढत गेले. नदीने आपल्याच गाळाने आपले तोंड अडवले, मग बाजूने नव्या वाटा काढल्या. असा त्रिभुज प्रदेश तयार झाला. कोनसीमेची भातशेती आणि नारळाच्या बागा याच गाळावर उभ्या आहेत. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून शास्त्रज्ञांनी गाळाचे थर काढून तपासले, तेव्हा त्यात दख्खनच्या काळ्या मातीची खूण सापडली. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत, हवामान कोरडे होत गेले आणि शेती वाढली तसे तिचे प्रमाण वाढलेले दिसले.

नदीने आणलेला माल पुढे लाटा मांडतात. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळू थोडी-थोडी पुढे सरकवत नेतात. किनारा जिथे वळतो तिथे पाणी शांत होते आणि वाळू साचून लांबट दांडा तयार होतो. काकीनाड्याजवळचे होप आयलंड असेच बनले. गौतमीच्या मुखापासून उत्तरेकडे गेलेला हा सुमारे 16 किलोमीटरचा दांडा साधारण गेल्या दोनशे वर्षांतला आहे. त्याच्या आडोशाला काकीनाडा बंदराला शांत पाणी मिळते आणि चिखलात कोरिंगाचे खारफुटीचे जंगल वाढते.

कोकणातल्या वाचकांना हे घराजवळच दिसेल. तिथल्या नद्या सह्याद्रीतून उतरून लगेच समुद्राला मिळतात, त्यामुळे गोदावरीसारखा त्रिभुज प्रदेश नाही. पण पुळणी आहेत, वाळूचे दांडे आहेत. मालवणजवळचे देवबाग एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे.

अशी जमीन एकदा बनली की कायमची झाली, असे मात्र नाही. लाटा रोज काही नेतात, नदीने रोज काही आणून द्यावे लागते. हा पुरवठा आता आटतो आहे. धरणांच्या भिंतींमागे पाण्याबरोबर गाळही अडतो. 1970 च्या दशकाच्या तुलनेत 1990 च्या दशकात गोदावरीने समुद्रात नेलेला गाळ निम्म्याहून कमी झाला होता. तिच्या मुखाकडचा किनारा अनेक ठिकाणी मागे हटतो आहे.

मग कोणी विचारील, त्यांचा किनारा वाचावा म्हणून आम्ही आमची माती वाहू द्यायची का? नाही. शेतातली काळी माती आणि नदीतली वाळू यांत फरक करायला हवा. इंचभर माती बनायला शेकडो वर्षे लागतात. ती शेताची आहे, शेतातच राहिली पाहिजे. वाळू मात्र नदीची आहे. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरींना ते पुरवते आणि पुरापुराने सरकत समुद्राकडे जाते. आज नेमके उलटे चालले आहे. माती शेतातून जाते आणि वाळू रात्रीच्या ट्रकमधून. पात्रात खोल खड्डे पडतात, काठ ढासळतात आणि विहिरी खाली जातात.

कुरआनच्या सूरह रअदच्या 17 व्या आयतीत पुराचा दाखला आला आहे. फेस निघून जातो आणि लोकांच्या उपयोगाचे असते ते जमिनीत टिकते, असा त्याचा आशय. दाखला सत्य आणि असत्याचा आहे. पण नदीकाठी राहणाऱ्याला तो वाचताना गाळ आठवल्याशिवाय राहत नाही. अल्लाहने जे टिकण्यासाठी दिले ते आपल्याकडे अमानत आहे.

म्हणून घरात बोलून तीन गोष्टी कराव्यात. शेत असेल तर नांगरणी आणि पेरणी उताराला आडवी करावी, बांधावर गवत आणि झाडे लावावीत. लावलेल्या झाडाचे पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, असे हदीसमध्ये आहे. दुसरे, तलावा-धरणात साचलेला गाळ शेतात परत आणावा. त्यासाठी 2017 पासून राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तिसरे सर्वांत अवघड आहे. घराचे काम असो की मशिदीचे, वाळूचा ट्रक दारात आला की रॉयल्टीची पावती मागावी. नसेल तर ट्रक परत पाठवावा. चार दिवस काम थांबेल, दर जास्त पडेल. पण नमाजीच्या पायाखाली चोरीची वाळू नसावी, एवढी काळजी बांधणाऱ्याने घ्यायलाच हवी. अल्लाह आपल्या सर्वांना तशी तौफिक देवो. आमीन.