घसारा, गंज आणि मिस्त्रीची मजुरी



बँकेतून निवृत्त होऊन मला पंधरा वर्षं झाली. बी.कॉम. माणूस, त्यामुळे कुठलीही वस्तू बघितली की आधी तिचा घसारा आठवतो. त्या हिशेबानं माझ्या १९९४ च्या जिप्सीची पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झाली आहे. तरी विकली नाही. खानापूरकडे आमचं थोडं शेत आहे. पावसाळ्यात शेवटचा दीड-दोन किलोमीटर नुसता लाल चिखल. मुलाची नवी गाडी तिथं रुतते, जिप्सी फोर-व्हील टाकली की निघते.

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी आठ महिने शेडमध्ये उभी राहिली. त्यात बेळगावचा पावसाळा. नंतर चालू करायला गेलो तर चोक ओढला की सुरू, चोक सोडला की बंद. एका मोठ्या गॅरेजनं बॉनेट उघडून सांगितलं, कार्ब्युरेटर गंजलाय, अख्खा बदला. आकडा पाच अंकी. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात घाला आता."

शेवटी गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. साठी उलटलेला माणूस. त्यानं कार्ब्युरेटर उतरवून फ्लोटची वाटी उघडली. आत पांढरी भुकटी, तळाला चिकट थर, पितळी जेटवर हिरवट डाग. म्हणाला, "साहेब, गाडी बिघडली नाही की ओ. बसून बसून असं झालंय."

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं. गाडी रोज फिरत असली तर पेट्रोल साठून राहत नाही. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं, ओल आणि चिकटा मागे राहतो आणि कार्ब्युरेटरचा धातू खातो. जुन्या रबरालाही हे पेट्रोल मानवत नाही.

मी स्टूल टाकून बघत बसलो. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी त्यानं तो आत फिरवून फेरे मोजले आणि खडूनं फरशीवर लिहून ठेवले. रबरी भाग वेगळे केले, बाकीचे क्लीनरमध्ये भिजत घातले. मी शहाणपणानं विचारलं, "जेटमधून बारीक तार घालू या का?" तर माझ्यावरच ओरडला. "तार घातली की भोक मोठं होतंय. मग पेट्रोल पितीय बघा गाडी." मग हवा मारून एकेक वाट मोकळी केली. वाटीच्या कडेला गंजानं बारीक खड्डे पडले होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून कड सपाट घासली, नवीन गॅस्केट बसवलं. सुई, डायफ्राम, पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर बदलले. एवढ्यावर थांबला नाही. टाकी उतरवून आतला गंज धुऊन काढला. "टाकी तशीच ठेवली तर महिन्याभरात परत येतायसा," म्हणाला.

दीड दिवसाचं काम. सामान वेगळं, मजुरी अठराशे. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "दीड हजार करा की." तो काही बोलला नाही, हात पुसत राहिला. आणि मला एकदम जुनी गोष्ट आठवली.

शाखेत असताना अशाच एका मिस्त्रीचा कर्जाचा अर्ज मी परत पाठवला होता. कॉम्प्रेसर घ्यायचा होता त्याला. तारण नाही, ताळेबंद नाही. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. पण त्याचं काम बघायला त्याच्या दुकानात एकदाही गेलो नाही, हे आज खुपतं. हातातली कला ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहायची, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मी अठराशे दिले. उपकार म्हणून नाही, तेवढं देणं होतंच म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे. नवीन भाग घ्यायला आपण पाच आकडी रक्कम निमूट मोजतो आणि तोच भाग जिवंत करणाऱ्याशी तीनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. मग त्याची मुलं या धंद्यात येत नाहीत म्हणून हळहळतो. या मिस्त्रीचा मुलगा बंगळुरूला कुरिअरच्या गोदामात आहे. मी बापाच्या जागी असतो तर मीही त्याला अडवलं नसतं.

दुसरी गोष्ट माझ्या वयाच्या लोकांसाठी. बँकेत दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. गाडीला तेवढीसुद्धा मुदत मिळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा वीसेक किलोमीटर फिरवा. फार दिवस उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाकायला सांगा. आणि गुडघ्यांचंही तेच आहे, हे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं.

परवा नातवाला घेऊन शेतावर जाऊन आलो. चिखलात गाडी एकदाही बंद पडली नाही. येताना मिस्त्रीकडे थांबून नातवाला तो फरशीवरचा खडूचा आकडा दाखवला. अजून पुसला नव्हता.

तुमच्या इंदूर, बडोदा, हैदराबादला असे मिस्त्री अजून आहेत का? असतील तर सांगा. आणि बिल देताना जरा माझी आठवण ठेवा.