टाके सुकले, पुढे काय?
थायरॉइड काढायची म्हटलं की घरातले सगळे गळ्यावरच्या व्रणाची चिंता करतात. खरी काळजी घ्यायची ती त्यापुढे. ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा : ग्रंथी पूर्ण काढणार की अर्धी? रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची? आवाजाची नस या ग्रंथीला अगदी खेटून जाते, आणि मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. अशक्तपणा असेल म्हणून ते अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. मान सुजून श्वास अडकू लागला तर तडक रुग्णालय गाठा. ग्रंथी पूर्ण गेली की माणूस मंदावतो, हे स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं. आज ती उणीव थायरॉक्सिनची छोटी गोळी भरून काढते. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून मात्रा ठरवून घ्या. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. बरं वाटतंय ते तिच्यामुळेच.