पोराचा डबा

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत फार सोपी आहे. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे आणि पेढे वाटायचे. मुलीला नाव आवडले की नाही, हे विचारायची पद्धत पूर्वी नव्हती. हल्ली विचारतात, पुष्कळ मुली नाव बदलतच नाहीत, आणि त्यावाचून कोणाचा संसार अडल्याचे ऐकिवात नाही. कंपनीचे नाव-रूप बदलायचे झाले, की मात्र तांदळाच्या ताटावर भागत नाही. गेले चार महिने मी हाच उद्योग करतो आहे, म्हणून सांगतो.

मी ३१ वर्षे ज्या कंपनीत नोकरी करतो, ती दंतमंजन करते. डब्यावर संस्थापकांचे आडनाव ठळक अक्षरांत, आणि त्याखाली बत्तीशी दाखवून हसणारे एक टोपीवाले पोर. संस्थापक आप्पा आता ८६ वर्षांचे आहेत. कारभार त्यांच्या नातीकडे, म्हणजे ताईंकडे. एके दिवशी ताई म्हणाल्या, “काका, मोठ्या दुकानांत आपला डबा कोपऱ्यात पडून असतो. नाव, अक्षर, चित्र, सगळे नव्याने करू या. डिझाईन एजन्सीशी बोलणे झाले आहे. त्यांना द्यायची फाईल तेवढी तुम्ही तयार करा.”

मला वाटले, दोन पाने लिहिली की झाले! पण पहिल्याच प्रश्नाशी अडलो. बदलायचे कशासाठी? २००७ साली यूटीआय बँकेची ॲक्सिस बँक झाली, त्याला कारण होते. जुने नाव आणखीही स्वतंत्र संस्था वापरीत होत्या. आमच्यावर तशी सक्ती नव्हती. खपाच्या वह्या काढल्या, तेव्हा दिसले की खेड्यापाड्यांत खप जिथल्या तिथे आहे. घसरण आहे ती शहरांत. आणि शहरातल्या दुकानदारांची मुख्य तक्रार नावाबद्दल नव्हतीच. झाकण सैल बसते, न्हाणीघराच्या ओलीने मंजनाच्या गुठळ्या होतात, ही होती. फाईलच्या पहिल्या पानावर मी झाकण लिहिले. नवे नाव आणि जुने झाकण, याला काय अर्थ आहे?

मग यादी केली, की आपले नाव कुठे कुठे आहे. डबे, खोकी, बिलबुके, टेम्पो, पाट्या, कामगारांचे सदरे, एसटी स्टँडाजवळच्या भिंती, शिवाय इंटरनेटवरचे पान. निळा रंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा निघाला! जे बदलायचे, त्या प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा मांडला. तो पाहून ताईही जरा गप्प झाल्या.

कायद्याचे पान वेगळे. कंपनीचे नोंदलेले नावच बदलायचे, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे भागधारकांचा विशेष ठराव लागतो. विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. पुढे दोन वर्षे पाटीवर आणि पत्रांवर नव्या नावाबरोबर जुनेही छापावे लागते. बोधचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची. नवे चिन्ह म्हणजे नवा अर्ज. आणि महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची देवनागरी अक्षरे दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाहीत. म्हणून एजन्सीला बजावून लिहिले, की आधी मराठी अक्षर काढा, इंग्रजी मागाहून.

उरला गिऱ्हाइकाचा प्रश्न. तो कचेरीत बसून सुटेना, म्हणून मी सातारा, बार्शी आणि पंढरपूर येथे दुकानांच्या कडेला स्टूल टाकून बसलो. वही उघडी ठेवली होती. कंपनीचे नाव घेऊन मंजन मागणारी माणसे हातांच्या बोटांवर मोजावीत इतकी. बाकीचे सगळे काय म्हणत, सांगू? “पोराचा डबा द्या!” दुकानदार न बोलता डबा पुढे सरकवी.

यात नवल नाही. २००९ साली अमेरिकेत ट्रॉपिकाना कंपनीने रसाच्या खोक्यावरचे नळी खोचलेले संत्रे काढून रसाचा पेला छापला. दोन महिन्यांच्या आत खप वीस टक्क्यांच्या आसपास उतरला आणि संत्रे परत आणावे लागले. लोकांना आपले खोके फळीवर ओळखूच येईना! उलट उदाहरणही आहे. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू कंपनीने २००२ च्या सुमारास बाजूला केला, आणि कंपनीचे काही अडले नाही. तेव्हा चित्र ठेवावेच असा काही नियम नाही. आपले गिऱ्हाईक कशावर बोट ठेवते, तेवढे पाहावे.

हे सारे लिहून फाईल आप्पांसमोर ठेवली. ताईंचे मत स्पष्ट होते: आडनाव ही घराण्याची अब्रू, ते राहू द्यावे, टोपीवाले पोर मात्र शहरातल्या आयांना परके वाटते, ते काढावे. आप्पांनी चष्मा पुसला आणि मला विचारले, “माझ्या नावाने किती जणांनी डबा मागितला?”

मी वही पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. सायकलवर डबे बांधून, दारोदार हे नाव सांगत हिंडलेला माणूस हा!

“मग माझे नाव लहान करा,” ते म्हणाले. “खाली, बारीक. पोराला हात लावू नका.”

कोणी काही बोलले नाही. ताईंनी पेन्सिल उचलून फाईलवर तसे लिहिले.

गेल्या आठवड्यात एजन्सीची मंडळी आली. फाईल त्यांनी मन लावून वाचली होती. त्यांच्यातल्या एका मुलीने भीतभीत विचारले, “डब्यावर मुलगाच का? मुलगी का नाही?”

ताईंनी माझ्याकडे पाहिले, मी आप्पांकडे. आप्पा त्या पोरासारखेच हसले. फक्त दात नव्हते.

“बहीण आणा की त्याला,” ते म्हणाले. “साठ वर्षे एकटेच हसते आहे बिचारे!”